काकांचा फुलस्केप कागद : पार्ल्यातल्या एका प्रोबेटचं प्रकरण

काका जानेवारी २०२२ मध्ये गेले. तेराव्यानंतर काकूंनी कपाटातून एक प्लॅस्टिकची फाइल काढली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे द्यायला सांगून ठेवलं होतं त्यांनी," म्हणाल्या. आत एक फुलस्केप कागद होता, दोन्ही बाजूंनी निळ्या शाईत लिहिलेला. अक्षर शिक्षकाचं, टपोरं, एकही काना मागेपुढे नाही. तारीख ऑगस्ट २०१७ ची. खाली काकांची सही आणि डावीकडे दोन साक्षीदारांच्या सह्या. शेवटची ओळ अशी होती : 'माझ्या माघारी या सर्वाची व्यवस्था माझी पुतणी पाहील.'

म्हणजे हे काकांचं मृत्युपत्र होतं, आणि असं काम सोपवलेल्या माणसाला कायद्यात एक्झिक्युटर म्हणतात हे मला ऐकून माहीत होतं. त्यात काय काय येतं, ते पुढच्या दोन वर्षांत कळलं.

मी वकील नाही, एका खासगी कंपनीत हिशेब पाहते. घरच्यांना विचारून हे लिहिते आहे, म्हणून नावं न घेता नात्यांनीच सांगते. आमच्याकडे कोणाला कोणाचं लुबाडायचं नव्हतं. तरीही सात-आठ महिने सख्खी भावंडं एकमेकांशी धड बोलत नव्हती. कारण एकच : प्रत्येकाच्या हातात एकेक कागद होता आणि त्या कागदाचं काम काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

माणसं अशी. काकू आणि दादा (माझा चुलत भाऊ) पार्ला पूर्वेच्या फ्लॅटमध्ये. ताई, म्हणजे चुलत बहीण, लग्नानंतर डोंबिवलीला. आजी, काकांची आई, तेव्हा ९१ वर्षांची, चिपळूणजवळच्या गावी. शेजारच्याच वाडीत आत्या. आणि माझे बाबा, काकांचे थोरले भाऊ.

कागदावर तीन गोष्टी होत्या. फ्लॅट काकूंना. काकांच्या एकट्याच्या नावावरच्या एफडी ताईला. गावचं घर दादाला. डीमॅट खात्यात थोडे शेअर होते, त्यांचा उल्लेख नव्हता. ते खातं त्यांनी नंतर उघडलं होतं. 'उरलेलं सगळं अमक्याला' अशी ओळही नव्हती. ती एक ओळ असती तर या प्रकरणातला अर्धा गुंता झालाच नसता.

"नॉमिनी आहे ना, मग झालं"

फाइल उघडण्याआधीच दादा सोसायटीच्या ऑफिसात जाऊन आला होता. काकांनी फार वर्षांपूर्वी भरलेल्या नॉमिनेशनच्या फॉर्मवर त्याचं नाव होतं. सेक्रेटरी म्हणाले, शेअर सर्टिफिकेट आणा, मागच्या बाजूला तुमचं नाव चढवून देऊ. दादाने ते घरी येऊन सहज सांगितलं. त्याच्या मनात काही नव्हतं, कटकट कमी झाली एवढंच त्याला वाटलं. काकू डाळ निवडत बसल्या होत्या. ताट तसंच मांडीवर ठेवून त्यांनी मला विचारलं, "म्हणजे मी आता त्याच्या घरात राहते का गं?"

अडतीस वर्षं त्या त्या घरात राहिल्या होत्या. त्यांचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

उत्तर 'नाही' असं होतं, पण ते मला त्या दिवशी देता आलं नाही. नॉमिनी म्हणजे माणूस गेल्यावर संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा, कोणाच्या हातात ठेवायचं, त्याचं नाव. मालक कोण, ते मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १५४ब-१३ हे कलम हेच सांगतं : खरे वारस किंवा मृत्युपत्राने हक्क मिळालेली माणसं सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घ्यायचं. विम्याच्या पैशांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच म्हटलं होतं की नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने. (विम्यात २०१५ पासून आईवडील, नवराबायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात. पण तो नियम विम्यापुरता. लोक तो फ्लॅटला लावतात.)

मी मृत्युपत्राची झेरॉक्स सोसायटीत नेऊन दिली, तेव्हा सेक्रेटरींचा सूर बदलला. आता ते म्हणाले, "मग प्रोबेट आणा." प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, आणि आमच्यासाठी ते कोर्ट म्हणजे मुंबई हायकोर्ट. यात सेक्रेटरींचं चुकलं नव्हतं.

"आमच्याकडे तर काही लागलं नाही"

ही बातमी डोंबिवलीला पोचली आणि भावोजींना शंका आली. त्यांचे वडील गेले तेव्हा फ्लॅट मृत्युपत्रावर, कोर्टाची पायरी न चढता, नावावर झाला होता. मग पार्ल्यातच हायकोर्ट कशाला? त्यातून कागद साधा, स्टॅम्प पेपर नाही, रजिस्ट्रेशन नाही, नोटरीचा शिक्का नाही. "असला कागद कोणीही लिहील," असं ते म्हणाले. ताई काही बोलली नाही. तिचं ते न बोलणंच मला जास्त लागलं.

दोन वेगळे प्रश्न त्यांनी एकत्र केले होते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे; १९०८ च्या नोंदणी कायद्यातच ते तसं ठेवलेलं आहे. लागतं ते एवढंच : लिहिणाऱ्याची सही आणि त्याने सही केल्याचं पाहून किंवा त्याच्याकडून तसं ऐकून त्याच्यासमोर सही करणारे किमान दोन साक्षीदार. काकांनी हे चोख केलं होतं.

डोंबिवली आणि पार्ला यांतला फरक मात्र खरा होता, आणि तो इंग्रजांच्या काळापासूनचा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याची कलमं ५७ आणि २१३ मिळून नियम असा होता की हिंदू, बौद्ध, शीख, जैन माणसाचं मृत्युपत्र मुंबई किंवा मद्रास हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत किंवा जुन्या बंगाल प्रांतात केलेलं असेल, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दल असेल, तर त्यावर हक्क सांगण्याआधी प्रोबेट घ्यावं लागे. पार्लं त्या हद्दीत, डोंबिवली बाहेर. काकांनी कागद पार्ल्यात बसून लिहिला होता, म्हणून त्यातलं चिपळूणकडचं घरसुद्धा त्याच नियमाखाली आलं. हे कळल्यावर भावोजींनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं तुम्ही काहीतरी लपवताय." मनातलं सरळ बोलले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

वकिलांचा पहिला प्रश्न

फोर्टातल्या वकीलबाईंनी कागद वाचला आणि मान वर न करता विचारलं, "यांच्या आई हयात आहेत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजीचा विचार कोणाच्या डोक्यातच नव्हता. काकूंना वाटत होतं, नवऱ्यामागे सगळं बायकोचं. दादाला वाटत होतं, बायको आणि मुलं. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, एकाच ओळीत, सारख्या हिश्श्याचे. मृत्युपत्र असलं तरी प्रोबेटच्या अर्जात या सगळ्यांची नावं द्यावी लागतात, कारण मृत्युपत्र नसतं तर हक्क ज्यांना मिळाला असता त्यांना खबर द्यायची असते. ती खबर म्हणजे सायटेशन. वारसांनी हरकत नसल्याचं ॲफिडेव्हिट दिलं तर सायटेशन बजावण्यातला वेळ वाचतो.

काम हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांच्या, डिपार्टमेंटमध्ये. मृत्युपत्राचा मूळ कागद कोर्टात जमा करावा लागला. तो हातातून जाताना मला फार जड गेलं, काकांचं अक्षर असलेलं दुसरं मोठं काही घरात नव्हतं. मराठी कागदाचं कोर्टाच्या अनुवाद विभागाकडून अधिकृत इंग्रजी भाषांतर, मालमत्तेची किमतींसह यादी, एका साक्षीदाराचं ॲफिडेव्हिट, माझी शपथ. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर लागते, पण तिला वरची मर्यादा आहे. 'अमुक टक्के कोर्ट कापून घेतं' ही भीती बिनबुडाची. वारसा कर तर भारतात १९८५ पासून नाहीच. काका गेल्यावर दुसऱ्या दिवशी दादाने त्यांच्या एटीएम कार्डाने हॉस्पिटलच्या बिलासाठी पैसे काढले होते. तेही करायचं नसतं. माणूस गेला की ते कार्ड वापरायचा अधिकार संपतो. पावत्या होत्या, म्हणून हिशेबात बसवता आलं.

साक्षीदारांपैकी एक, काकांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र, २०२० मध्ये गेले होते. एक साक्षीदार गेला की मृत्युपत्र रद्द, असं दादाला कोणीतरी सांगितलं होतं. तसं नाही, हयात असलेल्या एकाची साक्ष पुरते. दुसरे, खालच्या मजल्यावरचे आजोबा, मुलाकडे नाशिकला राहायला गेले होते. मी आणि दादा सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने गेलो. त्यांनी चष्मा पुसला, झेरॉक्स उजेडात धरली आणि बराच वेळ स्वतःच्या सहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझीच आहे. तुझ्या बाबांनी आधी सही केली, मग आम्हाला पेन दिलं. चहा झाला होता आणि तुझी आई भाजी आणायला गेली होती." जाताना त्यांनी दादाचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "लवकर करा. माझंही वय झालंय." वकीलबाईंनीही घाई करायला सांगितलंच होतं, तीन वर्षं उलटली की उशीर का झाला ते कोर्टाला पटवून द्यावं लागतं.

डोंबिवलीतलं टेबल

या सगळ्यात अवघड गोष्ट होती ताईची सही. हरकत नसल्याचं ॲफिडेव्हिट इंग्रजीत होतं, दीड पान. ताईने ते आठ दिवस फ्रीजवर ठेवलं होतं. मैत्रिणीने तिला बजावलं होतं, 'नो ऑब्जेक्शन' दिलं की माहेरचा हक्क गेला.

एका रविवारी मी तिच्याकडे गेले. टेबलावर कागद पसरला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मी त्यांची मुलगी आहे. मृत्युपत्राची प्रत मला मिळाली आहे. अर्जदाराला प्रोबेट मिळायला माझी हरकत नाही. मला वेगळं सायटेशन बजावण्याची गरज नाही. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ताईने विचारलं, "यात मी काही सोडलं असं कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. हक्क सोडायचा कागद वेगळा, तो म्हणजे हक्कसोडपत्र. स्थावरासाठी ते रजिस्टर करावं लागतं. नोटरीपुढची सही किंवा तोंडचा शब्द त्याला पुरत नाही. या ॲफिडेव्हिटचा अर्थ इतकाच होता की हा कागद बाबांनीच लिहिला आणि तो मला मान्य आहे. एफडी तिला मिळणार होत्या त्याही याच कागदामुळे.

तिने विचारलं, "मग हे मला पहिल्या दिवशी कोणी का नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक्झिक्युटर मी होते. मी कागद कुरिअरने पाठवला होता आणि खाली सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून दिली होती. ही चूक माझी. तिच्यामुळे आठ महिन्यांतले निदान दोन वाया गेले.

बाबांचा राग

आणि मग बाबा. गावचं घर आजोबांनी स्वतः बांधलेलं. ते १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. घरपट्टी काका भरायचे, म्हणून ग्रामपंचायतीत नाव काकांचं लागलेलं. त्या जोरावर काकांनी भाबडेपणाने अख्खं घर दादाला लिहून दिलं होतं. बाबा म्हणाले, "माझ्या बापाचं घर यानं कसं लिहून दिलं? आणि मला साधी नोटीससुद्धा नाही?" ते कॅव्हेट, म्हणजे प्रोबेटला कोर्टात हरकत, टाकायला निघाले. ज्या अर्जात अर्जदार त्यांची स्वतःची मुलगी होती, त्याच अर्जावर.

आजी, बाबा, काका, आत्या या चौघांचा त्या घरात सारखा हक्क होता. आत्याचासुद्धा. मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला असं सरसकट बोललं जातं. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दलची. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी १९५६ पासून वारस आहे. म्हणजे काकांना द्यायला होता तो चौथा हिस्सा. बाकीचं त्यांनी लिहिलं असलं तरी ते त्यांचं नव्हतंच, आणि घरपट्टीच्या पावतीने ते त्यांचं होत नाही.

मग प्रोबेटला विरोध नको का करायला? वकीलबाईंनी बाबांना समोर बसवून समजावलं. प्रोबेटमध्ये कोर्ट इतकंच बघतं की मृत्युपत्र खरं आहे का, शुद्धीत आणि स्वखुशीने केलेलं आहे का. त्यात लिहिलेली वस्तू लिहिणाऱ्याच्या मालकीची होती का, हा प्रश्न तिथे सुटत नाही. बिर्ला-लोढा प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत्युपत्र करणाऱ्याची मालकीच नाकारणाऱ्याला प्रोबेटच्या कामात कॅव्हेट टाकता येत नाही. त्याने आपला दावा वेगळा लावावा. भाऊ वारसांच्या पहिल्या वर्गात नाही, म्हणून नोटीस नाही. आणि कॅव्हेट उभं राहिलं असतं तर साध्या अर्जाचा दावा झाला असता, साक्षीपुरावे लागले असते, काकू तोवर फ्लॅटच्या कागदाची वाट पाहत राहिल्या असत्या, आणि बाबांच्या हिश्श्याला इकडचा तिकडे फरक पडला नसता.

बाबा जिना उतरताना गप्प होते. खाली आल्यावर म्हणाले, "त्यानं मला आधी विचारायला हवं होतं." मला वाटतं कायद्याचा प्रश्न तिथे संपला होता. राहिलं होतं ते दोन भावांतलं, आणि त्याला आता एकच भाऊ उरला होता.

प्रोबेट आल्यावर

प्रोबेट मार्च २०२४ मध्ये हातात आलं. कोर्टाचा शिक्का आणि मागे काकांच्या कागदाची प्रत जोडलेली. सोसायटीने फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवर काकूंचं नाव चढवलं. एफडी ताईला मिळाल्या. एक्झिक्युटरचं काम इथे संपतं असं मला वाटलं होतं, पण सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो, तो दिला. 'तुला यात काय मिळालं?' असं नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. एक्झिक्युटरला त्या नात्याने हिस्सा नसतो.

कायदा त्यानंतर बदलला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने कलम २१३ काढून टाकलं, त्यामुळे मुंबईतही प्रोबेटची सक्ती राहिली नाही. ते बरंच झालं. हद्दीवरून माणसामाणसांत फरक करायला काही कारण नव्हतं. पण आता 'प्रोबेट बंद झालं' असं मला लोक सांगतात, ते बरोबर नाही. कोर्टाचा प्रोबेट देण्याचा अधिकार तसाच आहे. वारसांत वाद असेल, सहीबद्दल शंका असेल, तर मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का आजही तिथूनच मिळतो.

राहिले शेअर. त्यांची नॉमिनी ताई होती. मृत्युपत्रात उल्लेख नाही, म्हणजे वारसा कायदा लागू : काकू, दादा, ताई, आजी, प्रत्येकी चौथा हिस्सा. शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला स्पष्ट केलंच होतं. मला सांगावं लागलं नाही. ताई आपणहून म्हणाली, "दादाला एक न्याय आणि मला एक, असं मी करणार नाही."

आजीचा हिस्सा ती सोडणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा. मे महिन्यात गावी गेले तेव्हा कागद तयार करूनच नेला. आजी पडवीत बसली होती. चौथीपर्यंत शिकलेली, तिने सगळा वाचून काढला, घडी घातली आणि मला परत दिला.

"तो माझा मुलगा होता," म्हणाली. "तुम्ही सगळे त्याचे वारस, मग मी कोण?"

तिचा वाटा तिला दिला. तिने तो पोस्टात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला वही आणि पेन घेऊन पुन्हा पडवीत बोलावलं. पोस्टातले पैसे आणि घरातला आपला हिस्सा, कोणाला काय, ते न अडखळता सांगितलं. शेवटी स्वतःच म्हणाली, 'उरलंसुरलं सगळं आत्याला' असंही लिही. मी साक्षीदार म्हणून समोरच्या घरातल्या आजोबांचं नाव सुचवलं, तर तिने मान हलवली.

"तो नको. तरणे बघ."

आत्याच्या शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आणि ग्रामपंचायतीतला शिपाई असे दोघे आले. आजीने त्यांना आपल्या दोन्ही बाजूंना बसवलं, पेन सरळ धरलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पूर्ण नाव लिहिलं.